होकार देणाऱ्याची खुर्ची

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका मालवाहतूक कंपनीसाठी वासुदेव रानडे वीस वर्षं माणसं निवडत होते. मुलाखत घेणाऱ्या तिघांचं एकमत झालं की वासुदेवांना उलट शंका यायची. त्यांचा नियम साधा होता. उमेदवार बाहेर गेला की कोणी कोणाशी बोलायचं नाही, आधी आपापल्या कागदावर हो की नाही ते कारणासकट लिहायचं. तिघांचा नकार असला तर विषय संपला. पण एकाचा जरी होकार असला तरी माणूस घ्यायचा, आणि पहिले सहा महिने त्याची खुर्ची होकार देणाऱ्याच्या टेबलाशेजारी मांडायची. शिकवणं, चुका निस्तरणं, साहेबांची बोलणी खाणं, सगळं होकार देणाऱ्याच्या गळ्यात. त्यामुळे उगाच दया येऊन हो म्हणणारे आपोआप सुधारले.

आता निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांच्या पत्नी स्मिताताईंनी पुण्याच्या घराचे पडदेही शिवायला टाकले होते. अशात हाफिजा मुलाखतीला आल्या.

बाई चाळिशीच्या, हैदराबादच्या. खोर फक्कानच्या बंदरावर नऊ वर्षं कागदपत्रांचं काम केलेलं. ते ऑफिस बंद पडलं होतं आणि व्हिसाचा जेमतेम महिना उरला होता, हे अर्जावरच्या तारखेवरून कळत होतं. नोकरी मिळाली नाही तर देश सोडावा लागणार, पण त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. नव्या सॉफ्टवेअरचं नाव निघालं की मात्र त्या गप्प होत. शेवटी वासुदेवांनी विचारलं, "आपसे कभी कोई बड़ी गलती हुई?"

"हुई, सर. मेरे कागज पे गलत कंटेनर गेट से निकल गया. मैंने पहले ट्रक रुकवाया, फिर बॉस को बोला कि गलती मेरी है."

त्या बाहेर गेल्या आणि कागद उलटले. विक्री विभागाच्या नीरवचा नकार. दुबईतच वाढलेल्या, वासुदेवांची जागा घेणाऱ्या काव्याचाही नकार. वासुदेवांचा मात्र त्या एका उत्तरासाठी होकार.

"सर, सिस्टिम शिकायलाच त्यांना चार महिने लागतील," काव्या म्हणाली. "आणि सहा महिने तुम्ही आहात कुठे?"

वासुदेव चपापले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नोकरी वाढवून मागावी तर घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. काचेपलीकडे हाफिजा मांडीवर फाईल घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघून वासुदेवांना फार वाईट वाटलं.

"नियम माझाच आहे," ते म्हणाले. "खुर्ची देता येत नसेल तर होकार धरायचा नाही. खलास." त्यांनी 'हो' खोडायला पेन उघडलं.

काव्याने कागद आपल्याकडे ओढला. "पहिले तीन महिने तुमच्याकडे, पुढचे तीन माझ्याकडे. पण माझा 'नाही' तसाच राहू दे. मला अजूनही त्यांना जमेल असं वाटत नाही."

"मग अंगावर कशाला घेतेस?"

"सहा वर्षांपूर्वी मला इद्रीस सरांच्या होकारावर घेतलं. महिन्याभरात त्यांची ट्रान्सफर झाली, आणि तुम्ही माझी खुर्ची तुमच्या टेबलाशेजारी लावलीत. मागच्या वीकमध्ये जुन्या फाईल्स लावताना माझ्या इंटरव्ह्यूचा कागद सापडला. त्यावर तुम्ही 'नाही' लिहिलं होतं, सर."

सहा वर्षं वासुदेवांनी ही गोष्ट तिच्यापासून लपवून ठेवली होती. त्यांना या पोरीचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

"कारण काय लिहिलं होतं मी?" त्यांनी हळूच विचारलं.

"फार बोलते."

"ते खरंच होतं," वासुदेव म्हणाले, आणि हाफिजांना आत बोलवायला स्वतःच उठले.