भाऊबीज आणि कुलपाचा बोल्ट

माझ्या गाडीचं चाक आजवर एकाही चोराला चोरता आलं नाही. (कुणी प्रयत्न केल्याचंही ऐकिवात नाही.)

तेलंगण वेगळं व्हायच्या आधीची गोष्ट. आम्ही बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या कॉलनीत राहायचो. मी हैदराबादहून जुनी गाडी आणली. तिला चकचकीत अलॉय चाकं होती, आणि विकणाऱ्यानं आवाज खाली आणून सांगितलं, की अशा चाकांवर लोकांचा डोळा असतो. मग काय, मी कुलपाचे बोल्ट बसवून घेतले. चाकाला चार बोल्ट, त्यातल्या एकाच्या डोक्यावर फुलासारखी खाच. त्याला साधा पाना लागत नाही, त्याची स्वतःची चावी लागते. चावी म्हणजे अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. हा तुकडा मी इतका जपला, की दसऱ्याला पाना, जॅक आणि विळ्याबरोबर तोही पूजेत मांडला. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं घातली. दुसऱ्या दिवशी सगळं निर्माल्य पिशवीत भरलं, मंचेरियलला जाऊन गोदावरीत सोडलं आणि नमस्कार करून परत आलो.

आता बाबांबद्दल सांगतो. बाबा खाणीत पंपावर होते. पंप थांबला की खाण पाण्यानं भरते, त्याला दिवाळी-दसरा कळत नाही. त्यामुळे भाऊबीजेला बाबा जमिनीच्या पोटात, आणि त्यांची धाकटी बहीण, माझी शांताआत्या, तिकडे बेज्जूरच्या पुढे जंगलातल्या गावात. भाऊ आला नाही तर बहिणीनं चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. आत्यानं पंपाच्या कृपेनं किती वर्षं चंद्राला ओवाळलं, ते तिलाच ठाऊक. एकदा ती म्हणाली होती, "दादापेक्षा चंद्रच जास्त येते माह्या घरी." ती हसली. बाबा हसले नाहीत.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षीची भाऊबीज. पहाटे पाचला आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, आत्याची साडी पिशवीत घेऊन ते तयार.

"सातच्या बसनं जातो मी," ते म्हणाले.

"घरात गाडी असून बसनं? लोक काय म्हणतील?" (लोक काही म्हणणार नव्हते. गाडी आत्याच्या गावाला दाखवायची होती ती मला.)

माझा बेत चोख होता. अकराला पोचायचं, ओवाळून घ्यायचं, जेवायचं, दोन तासांत निघून अंधाराच्या आत घरी. बाबा हळूच म्हणाले, "दोनच तास?"

"गाडी आहे ना आता. पुन्हा कधीही जाऊ."

बाहेर येऊन बघतो तर मागचं चाक पार बसलेलं! हरकत नाही म्हटलं, पंक्चर तर पंक्चर. बाह्या सरसावल्या आणि दहा मिनिटांत तीन बोल्ट काढले. चौथ्यासाठी चावी शोधायला लागलो. गाडी पालथी घातली, घर पालथं घातलं. शेवटी माझी बायको सुनंदा दारात येऊन उभी राहिली.

"पूजेत नव्हती का ठेवली तुमी?"

"ठेवली होती."

"मंग ते फुलं कोन नेले गंगेत सोडाले?"

"मी."

"मंग चावी बी तुमीच सोडली."

बाबांनी अंगणात खुर्ची टाकून घेतली आणि पिशवी मांडीवर ठेवली. "सातची गेली," ते म्हणाले. "नऊची हाय अजून."

"पाच मिनिटं, बाबा."

आमच्या कॉलनीत फिटरांना तोटा नव्हता. रात्रपाळीहून आलेला शेजारचा पोचय्या डोक्यावरचा दिवासुद्धा न उतरवता चाकापाशी बसला. "ये क्या बडा काम है साब?" त्याची युक्ती अशी, की जरा लहान सॉकेट बोल्टवर हातोड्यानं ठोकून बसवायचं आणि फिरवायचं. त्यानं ठोकलं आणि फिरवलं. सॉकेट फिरलं, बोल्ट जागेवर. त्यानं पुन्हा ठोकलं. असं चारदा झाल्यावर त्या फुलाची एकही पाकळी उरली नाही, डोकं लाडवासारखं गोल झालं. आता मूळ चावी गोदावरीनं स्वतः आणून दिली असती तरी उपयोग नव्हता.

तेवढ्यात समोरच्या किराणा दुकानातून हाक आली, तुमचा फोन आहे म्हणून. आत्यानं तिच्या गावातल्या दुकानातून फोन लावला होता.

"निघाले का बाबू?"

"निघालोच, आत्या."

खाणीत एका पाळीचं अर्धवट काम पुढच्या पाळीला समजावून द्यायची शिस्त असते. पोचय्यानं ती पाळली. दुसऱ्या पाळीला निघालेल्या वामनरावांना गाठून त्यानं माझं चाक रीतसर त्यांच्या ताब्यात दिलं आणि तो झोपायला गेला. वामनरावांनी छिन्नी लावली. छिन्नी तुटली. त्यांनी मोठी छिन्नी लावली. बघ्यांची गर्दी झाली आणि प्रत्येक जण सल्ला द्यायला लागला. मध्ये बाबा जवळ येऊन काहीतरी म्हणाले. मी चाकाखालून म्हणालो, "पाच मिनिटं!"

आत्याचा पुन्हा फोन. "कुठवर आले?"

"आलोच." (तीन बोल्ट आलो होतो.)

वामनराव पाळीवर गेले. पोचय्या झोपून उठला आणि म्हणाला, आता वेल्डिंग. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याचं मशीन आणलं. बोल्टच्या डोक्यावर एक नट वेल्ड केला, त्याला पाना लावला, दोघं पान्यावर लोंबकळलो, आणि साडेचारला तो बोल्ट कुरकुरत बाहेर आला. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. मी तो गरम बोल्ट फडक्यात धरून वळलो.

"चला बाबा!"

खुर्ची रिकामी होती.

"ते एकच्या बसनं गेले," सुनंदा म्हणाली.

"मला न सांगता?"

"सांगतलं ना. तुमी म्हणाले, पाच मिनिटं."

दिवेलागणीला दुकानात फोन आला. आत्याचा आवाज ओला होता. "बाबू, दादा आला. आत्ताच ओवाळलं. चंद्र निघला होता, पन म्या त्याच्याकडं पाह्यलंच नाही." मग नाक ओढून म्हणाली, "परतीची बस नाही आता. दादा मुक्कामी राह्यते. माह्या लग्नापासून पह्यल्यांदा."

माझ्या बेतात या बहीणभावाला दोन तास होते. पुढची भाऊबीज यायच्या आधीच आत्या गेली, आणि आता बाबाही नाहीत. ओवाळून घेताना बाबांचा चेहरा कसा दिसत होता, हे बघायला मी आज काय वाटेल ते देईन. पण तेव्हा मी ग्रिलवाल्याला चहा पाजत, बोल्ट हातोहात सगळ्यांना दाखवत होतो.

फोनवर बाबा आले. मी घाईघाईनं म्हणालो, "गाडी तयार झाली. उद्या घ्यायला येतो."

"उद्या नको. आठ दिसांनी ये," ते म्हणाले. मग म्हणाले, "अन् बसनं ये."

आठव्या दिवशी गेलो. गाव कसलं, वीस-पंचवीस घरं. बसमधून उतरलो तर रस्त्याकडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बाबांना सांगायला आठ दिवस मिळाले होते, आणि त्यांनी एकही वाया घालवला नव्हता.

"बोल्टवाला भाचा तूच काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हाव," मी म्हणालो, आणि तो मला सोडायला थेट आत्याच्या दारापर्यंत आला, वाटेतल्या प्रत्येक घराला हाक मारत.