एकही बुडबुडा न येणारी नळी

सोमवारी अनेस्तिसची व्हेप, म्हणजे सिगारेटीऐवजी वाफ ओढायची बॅटरीवरची नळी, बंद पडली आणि ग्रीसमधल्या पेरामा बंदराच्या त्या गल्लीत बातमी बोट बुडाल्यासारखी पसरली. गोदीत अडतीस वर्षं लेथ चालवलेला हा गडी दिवसाला चाळीस सिगारेटी फुंकायचा. डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला, तेव्हा त्या जुन्या पितळी नळीच्या आधारानं त्यानं सिगारेट सोडली. त्याला अकरा महिने झाले होते. आता आधार गेला, म्हणजे गडी पुन्हा पाकिटाला हात घालणार, यावर कॉफीच्या दुकानात एकमत झालं. त्याच्या दोस्तानं, सारांदिसनं, तर एक कोरं पाकीट टेबलावर आणून ठेवलं.

"तुझंच आहे, उस्ताद. मी नुसती राखण करतोय."

अनेस्तिस व्हेपच्या दुकानात गेला. दुकानदारीण म्हणाली, आतलं कार्ड जळलंय, याचे सुटे भाग येणं कधीच बंद झालं. आणि तिनं रंगीबेरंगी व्हेप-काड्या पुढे केल्या. संपली की फेकायची. अनेस्तिसचं डोकं सणकलं. गोदीनंही त्याला असंच काढलं होतं, वापरून झाल्यावर. जे दुरुस्त होतं ते फेकणाऱ्यांची त्याला मनापासून चीड होती.

घरामागच्या पडवीत त्याचा छोटा लेथ होता. जळकं कार्ड त्यानं उपटून टाकलं. भंगारातल्या जहाजाच्या झडपेतून पितळ घेतलं, नवं बटण कातलं, तळाला बॅटरीच्या सेलला टेकणारी तांब्याची टाचणी बसवली. तलफ आली की मस्तिखा झाडाचा सुगंधी डिंक चघळायचा. चौथ्या दिवशी तलफ अनावर झाली, तरी आटे चुकले नाहीत.

कार्ड जळलं होतं वरून, ज्याची वाफ होते तो रस झिरपून. तेव्हा यानं जहाजाच्या पंख्याच्या दांड्याला पाणी अडवायला घालतात तशा रबरी कड्या घातल्या, वरही आणि खालीही. शुक्रवारी बायकोच्या, एवान्थियाच्या, भांडी धुवायच्या टोपात सेल न घालता नळी बुडवली. एक बुडबुडा नाही. गडी छाती फुगवून उभा.

एवान्थियानं ओले हात पुसले.

"आतलं बाहेर कुठून जाणार?"

"जाणारच नाही. हेच तर कौशल्य आहे."

"माझ्या कुकरलासुद्धा वाफ सोडायला झडप आहे, अनेस्ति. आणि तू बॅटरी कोंडून तोंडाला लावणार?"

तिला लेथमधलं काय कळतं, असं काहीसं पुटपुटत तो गच्चीत निघून गेला. समोर गोदीतल्या क्रेन दिसत होत्या. अडतीस वर्षं त्यानं एकच काम केलं होतं: पाणी आत येऊ द्यायचं नाही. बॅटरी तापली तर तिचा वायू बाहेर पडायला हवा, ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती असं नाही. हाताला ठाऊक नव्हती. पाऊण तास तो तिथंच धुमसत बसला. मग खाली उतरला, खालची कडी काढून फेकली आणि बुडाशी तीन भोकं पाडली.

शनिवारी सकाळी कॉफीच्या दुकानाबाहेरच्या टेबलाशी सगळे जमले. पाकीट जागेवरच होतं. अनेस्तिसनं कॉफीचा एक घोट घेतला, बटण दाबलं आणि असा ढग सोडला की सारांदिस त्यात दिसेनासा झाला. ढग विरला, तेव्हा पाकीट सारांदिसच्या मांडीवर पडलं होतं, सील न फुटलेलं.

सारांदिसनं नळी उलटीपालटी करून पाहिली. गोदीतला प्रत्येक कारागीर आपल्या कामावर ठसा मारतो. अनेस्तिसचा ठसा म्हणजे नुसता 'अ', हे सगळ्यांना माहीत. पण बुडाशी, भोकांजवळ, आणखी एक अक्षर होतं.

"हा 'ए' कुणाचा रे?"

"भोकं ज्या उस्तादानं पाडायला लावली, त्याचा," अनेस्तिस म्हणाला. "घरी कुकर लावतोय."

टेबलावर हशा पिकला. सारांदिसनं पाकीट खिशात टाकलं आणि दुसऱ्या खिशातून आपली दोन वर्षं बंद पडलेली व्हेप काढून हळूच अनेस्तिसच्या कपाशेजारी ठेवली.