आधी वहीत

“ओ म्याडम, आधी वहीत!”

मी माऊसवर हात ठेवला रे ठेवला की भाईंचा आवाज यायचाच. वही म्हणजे कॉम्प्युटरमधलं नोटपॅड. लातुरातल्या आमच्या कोचिंग क्लासचे सगळे पेपर, पोरांचे सगळे मार्क एका सर्व्हरवर, आणि तो सांभाळायला आम्ही दोघं. मी नांदेडची, डिग्रीवाली, तोंडानं फटकळ. भाई पन्नाशीला टेकलेले, जे शिकले ते हातानंच.

सर्व्हरला हुकूम सोडायचा तो काळ्या पडद्यावर. नेटवरून आयती ओळ उचलायची, चिटकवायची, झालं. तुम्हीही असंच करत असाल. भाई मात्र ती आधी वहीत चिटकवणार, काचेवर बोट ठेवून, ओठ हलवत एकेक शब्द वाचणार आणि कळली तरच स्वतः टाइप करणार. काचेवर त्यांच्या बोटाचा तेलकट पट्टा कायमचा. मी पुसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

“भाई, एवढ्यात मी किनवटला जाऊन आले असते.”

“जावा की. आल्यावर एंटर दाबू.”

एकदा चाचणीचा निकाल पाचला लावायचा होता आणि साडेचारला सर्व्हरवरची जागा संपली. जुन्या फायली काढणारी एक ओळ मला नेटवर सापडली. चिटकवणार, तेवढ्यात भाईंनी कीबोर्डच ओढून घेतला. मी असली चिडले! रागारागानं ती वहीत टाकली, आणि बघते तर काय, एकीच्या दोन ओळी. वेबसाइटवर न दिसणारी दुसरी ओळ सगळंच पुसणारी होती, शेवटी एंटरसकट. काळ्या पडद्यावर पडली असती तर माझ्या बोटाची वाट न बघता चालली असती. पोरांचे वर्षभराचे मार्क गेले असते, आणि माझी नोकरीही.

भाई रागावले नाहीत. चहा मागवला.

“भूकंपानंतर मी याद्या उतरून काढायला होतो,” ते म्हणाले. “दिवसभर नावंच नावं. हात चालू, डोकं बंद. एका बाईचं नाव मेलेल्यांत उतरलं. ती येऊन टेबलापुढं उभी राहिली. म्हणली, भाऊ, मी हाय की.”

“मग?”

“ती जिती हाय हे कागदावर यायला लई दिवस लागले. चूक माझी, चकरा तिच्या.”

त्यानंतर मी त्यांना कधी घाई केली नाही. खोटं कशाला बोलू, केली. पण नुसती चिडवायला.

गेल्या उन्हाळ्यात भाई गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. महिन्याभरानं वरून निरोप आला, त्यांचं सर्व्हरवरचं खातं काढून टाका.

एवढीशी ओळ. एक हुकूम, पुढं भाईंचं नाव. मला तोंडपाठ. तरी वही उघडली, त्यात लिहिली, काचेवर बोट ठेवलं. एकदा वाचली, दोनदा वाचली. कुठंतरी चूक सापडावी म्हणून तिसऱ्यांदाही वाचली.

ओळ बरोबर होती.