तीस सेकंदवाल्यांचं हमस

माझ्या मावशीचे यजमान मिक्सर दुरुस्त करतात. चाळीस वर्षं करतायत. दुकान एवढंसं आहे की गिऱ्हाईक आत आलं तर काकांना बाहेर यावं लागेल. म्हणून गिऱ्हाईक पायरीवरच उभं राहतं आणि उभ्याउभ्या बोलणी खातं. दुकानावर नाव नाही. जिथे नाव हवं तिथे काकांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहून ठेवलंय : 'तीस सेकंद चालवा. एक मिनिट थांबा.' त्यामुळे त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. ते तीस सेकंदवाले, आणि मावशी बाजारात गेली की तीस सेकंदवाल्या वहिनी. माझी इथल्या शाळेत बदली झाली आणि मी त्यांच्याकडे राहायला आलो, तर महिन्याभरात मी वर्गात 'पंधरा सेकंद' झालो. जाऊ द्या.

काकांचं म्हणणं असं की मिक्सर आपणहून मरत नाही, माणसं त्याला मारतात. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मिक्सरला ते सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात. तिच्यावर तारीख, आजार आणि कारण. आजार बदलतो, कारण चाळीस वर्षं एकच : 'सूचना पाळली नाही.' आणि गिऱ्हाईक कुठल्याही वारी येवो, त्याला सांगायचं, "गुरुवारी या." गुरुवारी आलं तर पुढच्या गुरुवारी.

ते मिक्सर आधी उघडत नाहीत, ऐकतात. एक डोळा मिटतात, मान थोडी कलती करतात. "कार्बन गेलेत." "बेअरिंग सुकलंय." एकदा एका बाईने फोनवर तोंडाने घर्रर्र करून दाखवलं, तर काका म्हणाले, "कपलर झिजलाय. आणि तुम्ही सर्दीचं औषध घ्या."

घरचा मिक्सर म्हणजे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तांब्याची तार गुंडाळून वाइंडिंग केलेली मोटर. जास्त तापल्यावर आपोआप बंद पडणारं लाल बटणसुद्धा त्याला नाही, इतका जुना. झाकण तडकलंय, ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून ठेवलंय. मावशीने बटण फिरवलं की काका बाहेरच्या खोलीतून मोजायला लागायचे, "सत्तावीस... अठ्ठावीस... एकोणतीस... बंद!" मावशी आतून ओरडायची, "अहो, एवढी काळजी त्या डबड्याची! कधी मला विचारलंत, दमलीस का म्हणून?" तिचा ओरडा साधासुधा नव्हता. सव्वीस वर्षं ती बसस्थानकात माइकवरून गाड्या पुकारायची. माइक बंद पडला तरी गाड्या वेळेवर सुटायच्या, असं लोक सांगतात.

तर या बाईच्या घशात गाठ निघाली.

गाठ साधी होती, हे कळलं तेव्हा आम्ही एकदा सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकर सोडला. ऑपरेशननंतर घसा गिळायचं कसं ते विसरून गेला. नऊ दिवस नाकातून नळी घालून तिला दूध-पाणी दिलं. नळी निघाली, आवाजाची कुजबुज झाली, आणि खायचं म्हटलं की पातळ आणि गोड, याशिवाय तिसरं काही नाही. कस्टर्ड, गोड दूध, फळांचा गर. मावशीला गोड बघवत नाही. चमचा समोर आला की ती तोंड फिरवायची. तीन आठवड्यांत वजन पन्नासावरून त्रेचाळीसवर.

नळीबद्दल ती एकदाच बोलली. कुजबुजत, पण आम्हाला दोघांना समोर बसवून. "परत घालायची म्हणाले, तर मी त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही. मग जे व्हायचं ते होऊ दे."

दवाखान्यात एक मुलगी आहे, आजाऱ्यांनी काय खावं ते सांगते. आम्ही तिला आहारताई म्हणतो. शुक्रवारी तिने काट्यावरचा आकडा पाहिला. त्रेचाळीस पूर्णांक एक. तिने पेन खाली ठेवलं.

"आजी, मंगळवारी परत वजन करू. त्रेचाळीसच्या खाली गेलं, तर नळीशिवाय माझ्याकडे दुसरा रस्ता नाही."

मावशी काट्यावरून उतरली ती थेट दाराकडे निघाली. ताईने घाईघाईत एक छापील कागद काकांच्या हातात दिला. त्यावर बारा पदार्थ. काकांचं बोट अकराव्यावर थांबलं.

"हे हमस काय असतं?"

"काबुली चणे मऊ उकडायचे. तीळ, लिंबू, लसूण, तेल घालून वाटायचे. गोड अजिबात नाही, आणि एका चमच्यात ताकद भरपूर. लिंबू-लसूण सध्या नावालाच घाला, घशाला झोंबेल."

"वाटायचे?" काका एकदम ताठ झाले. बाकीचे अकरा पदार्थ शिजवायचे होते, वाटायचा हा एकटाच.

"वाटायचे, पण एक कणही राहता कामा नये. कण अडकला की ठसका, आणि ठसक्यात काही श्वासनळीत गेलं तर आणखी वाईट." ताईने चमचा घेऊन दाखवलं. "चमचा तिरका केला की सगळं एका गोळ्यात अलगद घसरलं पाहिजे. चिकटून बसलं, नाही चालणार. तुकडे पडले, नाही चालणार. बोटांत चोळून बघा, काही लागलं, नाही चालणार."

"ते माझ्यावर सोडा," काका म्हणाले. "चाळीस वर्षं वाटणाऱ्यांचीच कामं केलीत."

मावशी दारातून कुजबुजली, "वाटणाऱ्यांची केलीत. स्वतः काय वाटलंय?"

शनिवारी सकाळी काका स्वयंपाकघरात शिरले ते खिशात स्क्रू-ड्रायव्हर ठेवूनच. का, कोण जाणे. धीर येत असावा. भिजलेले चणे कुकरमधून काढले, भाजलेले तीळ, तेल, मीठ आणि नावाला लिंबू-लसूण घातलं, झाकणाला ट्यूबची पट्टी आवळली आणि बटण फिरवलं. तीस सेकंद. एक मिनिट. तीस सेकंद. एक मिनिट. आधी खडखड, मग घरघर, आणि चौथ्या वेळी मोटर अशी गोड गुणगुणायला लागली की काकांनी एक डोळा मिटला.

"झालं," ते म्हणाले. "ऐक. लोणी झालंय."

झाकण उघडून त्यांनी वरचंच थोडं बोटावर घेतलं, ग्रीस तपासावं तसं चोळलं आणि मान डोलावली. वर तेल होतं, बोट घसरणारच. चमचा तिरका करायचं आनंदाच्या भरात कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी मुलांना विज्ञानाचे प्रयोग शिकवतो.

पहिला चमचा गेला. मावशीच्या भुवया वर गेल्या. खारट, आंबूस, महिन्याभरात पहिल्यांदा खाण्यासारखं काहीतरी. तिने दुसरा चमचा स्वतः घेतला. आणि ठसका लागला.

तो ठसका मी विसरणार नाही. चेहरा लाल, मग काळपट, डोळ्यांतून पाणी, एक हात टेबलावर आपटतोय. काकांनी तिला पुढे वाकवून धरलं. मिनिटभरात तो कण बाहेर आला, पण ते मिनिट काही साठ सेकंदांचं नव्हतं. श्वास लागल्यावर तिने वाटी हातभर लांब ढकलली.

"नको. आता मला काहीच नको."

काकांनी भांडं मोरीपाशी नेलं आणि उजेडात धरलं. चण्यांचा भरड लगदा भांड्याच्या कडांना लिंपून बसला होता आणि मधे पात्याभोवती विहिरीसारखा मोकळा खड्डा. पातं नुसतं हवेत फिरत होतं. वाटायला काहीच नव्हतं, म्हणून तर मोटर एवढी सुखात गात होती.

"शेकडो बायका येतात माझ्याकडे," काका स्टुलावर बसून मला म्हणाले. "म्हणतात, आवाज छान येतो पण वाटत नाही. मी त्यांना काय सांगतो माहितेय? बाई, आवाज काय ऐकत बसता, भांड्यात बघा की!" मग बराच वेळ ते भांड्यात बघत बसले.

त्या दिवशी मावशीने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. रविवारी सकाळी अर्धा कप दूध, तेही आम्ही दोघं समोर ठाण मांडून बसलो म्हणून.

रविवारी शेजारच्या पोस्टातल्या बाई आल्या. आयुष्यभर त्यांनी पत्रं निवडली; निवृत्त झाल्यावर हाताला चैन नाही म्हणून त्या लोकांच्या भाज्या निवडून देतात. काकांनी नवे चणे चिमूटभर खायचा सोडा घालून इतके शिजवले होते की नुसतं दाबलं तरी पीठ होत होतं. बाईंनी एक चणा उचलला, चिमटीत धरला, पिचिक करून साल बाजूला काढली.

"भाऊ, कालचा तुमचा कण म्हणजे ही साल. ही जन्मात वाटली जात नाही."

"एकेक सोलायचा?"

"मग काय पिशवीसकट बटवडा करायचा?"

आणि त्यांची बोटं सुटली. मी दहा चणे सोलेपर्यंत त्यांची वाटी भरली होती. माझे सोललेले त्यांनी परत तपासले, त्यातले दोन परत पाठवले. चणे गार झाले होते, ते काकांनी पुन्हा एक उकळी आणून गरमागरम भांड्यात ओतले. तीळ आज आधी वेगळे, तेलात, अगदी पेस्ट होईपर्यंत वाटून घेतले होते.

तीस सेकंद. बंद. काकांनी कडा खरवडून आत ढकलल्या. एक मिनिट. चमचा तिरका केला, तुकडे पडले. तीस सेकंद. बंद. खरवडलं. तुकडे. थांबलं की ते निवायचं, निवलं की घट्ट व्हायचं, घट्ट झालं की पुन्हा कडांना जाऊन बसायचं. पाचव्या वेळेला बाईंचा धीर सुटला.

"अहो, थांबता कशाला? गरम आहे तोवर सलग फिरवा की!"

"तीस सेकंद."

"ती पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे हो!"

"मोटरला गिऱ्हाईक कोण आणि मालक कोण, ते कळत नाही," काका म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते आणि बाईंकडेही नाही. दारात मावशी येऊन उभी राहिली होती. शाल पांघरलेली, चौकटीला धरून. कालपासून जवळजवळ रिकाम्या पोटी असलेलं माणूस जसं दिसतं तशी.

काकांनी चमचाभर गरम पाणी घातलं आणि बटण फिरवलं. आणि मावशी मोजायला लागली. कुजबुजत, अगदी काकांच्या चालीत.

"सत्तावीस... अठ्ठावीस... एकोणतीस..."

काकांचा हात बटणावर होता. हलला नाही.

मावशी थबकली. "तीस," ती म्हणाली. हात तिथेच. "एकतीस?" तिने आमच्याकडे पाहिलं, आम्ही ऐकतोय ना याची खात्री करावी तसं. "अहो, बत्तीस!"

"कळतंय मला," काका म्हणाले. "मोज तू."

शंभरानंतर तिने मोजणं सोडलं. काका झाकणाच्या भोकातून थोडं थोडं गरम पाणी सोडत होते, आणि डोळे त्या भोकावरून काढत नव्हते. दोन्ही डोळे उघडे. आत मधला खड्डा बुजला, कडांचा लगदा आपणहून आत ओढला जायला लागला, गोल, जड, पांढरट भोवरा. मोटरचा आवाज अजिबात चांगला नव्हता. कण्हत होती बिचारी. तापलेल्या वार्निशचा वास सुटला. बाई दोन पावलं मागे सरकल्या. मी "काका" म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. मग मोटर एकदा किंचाळली आणि गप्प झाली. खालच्या जाळीतून धुराची बारीक रेघ वर आली.

काकांनी पिन ओढून काढली. "कॉइल गेली," ते म्हणाले. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं.

मग चमचा. तिरका केला. सगळं एका गोळ्यात, अलगद, ताटलीत उतरलं. चमच्याला पुसट ओल तेवढी राहिली. काकांनी बोटांत चोळून बघितलं, बाईंनी बघितलं, मला बघायला लावलं. काही लागलं नाही. तरी कुणी 'झालं' म्हणेना.

मावशीने आमचे चेहरे पाहिले, चमचा घेतला आणि अर्धा तोंडात घातला. तिने गिळलं तेव्हा आम्ही तिघांनीही गिळलं. काही नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. दुसरा चमचा. काही नाही. तिसरा भरलेला घेतला, तोंडात थोडा वेळ ठेवला, गिळला, आणि काकांकडे वळली.

"मीठ कुठाय?"

काकांनी कपाळाला हात लावला आणि होते तिथे, फरशीवर, फतकल मारून बसले. मीठ विसरलं होतं. हसू आवरत नव्हतं त्यांना. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "चणे सोलून सोलून आग होतेय हो डोळ्यांची," आणि आम्ही ते मानलं.

मावशीने त्या बैठकीला वाटी संपवली. संध्याकाळी दुसरी. सोमवारी तीन, फ्रिजमधलं कोमट पाण्याने सैल करून, दर वेळी चमचा तिरका करून बघून.

मंगळवारी काट्यावर त्रेचाळीस पूर्णांक चार. आहारताईने आकडा लिहिला, कागद बंद केला. "नळीचं नाव काढायचं नाही आता. हेच चालू ठेवा." काकांनी मात्र मावशीला उतरवून पुन्हा उभं केलं, गुडघ्यावर बसून काट्याला कान लावला आणि मगच मान्य केलं. बाहेर येऊन त्यांनी रुमालात एवढ्या जोरात नाक शिंकरलं की रांगेतले दोघे दचकले.

घरी न जाता मावशी परस्पर दुकानात गेली. काकांनी जळका मिक्सर सकाळीच तिथे आणून ठेवला होता, रांगेत सगळ्यांच्या मागे. तिने पुठ्ठ्याची चिठ्ठी घेतली, तारीख घातली, आजार लिहिला : 'कॉइल जळाली.' मग कारण लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि सुतळीने गाठ मारून चिठ्ठी काकांच्या समोर धरली. 'सूचना पाळली नाही.'

काकांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"कधी मिळेल?" मावशी पायरीवर उभी राहून कुजबुजली.

"गुरुवारी या."

"वाटी तर सकाळीच संपली. गुरुवारपर्यंत मी काय खाऊ?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानातला एक मिक्सर आला त्याच दिवशी दुरुस्त झाला. दार अर्धं ओढून घेऊन काका कॉइल गुंडाळत बसले, मावशी पायरीवर बसून येणाऱ्या गिऱ्हाइकांना हाताने परत पाठवत होती. चार वाजता घरी चणे उकडून, सोलून तयार होते. बाईंनी मी सोललेले परत तपासायला नकोत म्हणून सगळे स्वतःच सोलले होते. काकांनी बटण फिरवलं. एक डोळा मिटून नव्याने गुंडाळलेल्या मोटरचा आवाज ऐकला, खूश झाले. मग डोळा उघडून भांड्यात बघितलं.