शेजारणीच्या बाटलीतले दोन चमचे

आम्ही बजाजनगरात दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी चार वर्षांची. त्या दिवशी नवरा पहिल्या पाळीला कंपनीत गेला होता आणि सासूबाई सकाळच्या गाडीनं कन्नड गावाहून नुकत्याच आलेल्या. सकाळी पोरीचं अंग सणकून तापलं. घरातलं तापाचं औषध संपलेलं, म्हणून शेजारणीकडून तिच्या मोठ्या मुलाची बाटली आणली. आदल्या दुपारपासून पोरीनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं, तरी दोन चमचे पाजले.

थोड्या वेळानं ती पोट धरून रडायला लागली. मग उलटी झाली, पाठोपाठ दुसरी.

"काही खाल्लं व्हतं का तिनं?" सासूबाईंनी विचारलं.

"दूध-बिस्किट," मी खोटंच बोलले.

"समदं औषध पडलं की गं बाहेर. आणखी दे. ताप डोक्यात जाईल."

मी बाटलीचं झाकण उघडलंसुद्धा. पण पोटात किती राहिलं, बाहेर किती पडलं, काय सांगावं? मी झाकण परत लावलं. "नको आत्याबाई, दवाखान्यात जाऊ," मी सासूबाईंना म्हटलं.

रिक्षात तिनं माझ्या पदरावर तिसरी उलटी केली. पदरावर लालसर डाग उमटला. औषध गुलाबी होतं. पण हे औषध की रक्त, मला कळेना. पोरगी मान टाकून पडलेली.

डॉक्टरांनी डाग पाहिला, पोट दाबून पाहिलं. "काय खाल्ल्यावर दिलं औषध?"

"दूध-बिस्किट," सासूबाई म्हणाल्या.

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. "उपाशीच होती. औषधही शेजारच्या मुलाचं आहे."

डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "हे रिकाम्या पोटी झोंबतं. पुन्हा दिलं नाहीत, चांगलं केलंत. रंग औषधाचाच आहे. पण उलटी काळपट झाली किंवा रक्त दिसलं, तर लगेच आणा." मग त्यांनी तिचं वजन करून दुसरं औषध लिहून दिलं आणि ते कधी सुरू करायचं ते सांगितलं. तोवर मीठ-साखरेचं पाणी, तेही चमचा-चमचाच.

दुपारभर सासूबाई तिला मांडीवर घेऊन पाणी पाजत होत्या. मी प्रत्येक उचकीला दचकत होते. चारच्या सुमारास तिला लघवी झाली, आणि तिनं भात मागितला.

"माझ्याशी खोटं का बोललीस?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलेच असते," त्या म्हणाल्या, आणि पोरीसाठी भात मऊ कालवायला बसल्या.