निळ्या बादल्यांची पाहणी

जळगावच्या आमच्या कॉलनीत घरटी दोन बादल्या वाटल्या. हिरवी ओल्या कचऱ्याला, निळी सुक्याला. काही आठवड्यांनी घंटागाडीवाला म्हणाला, कचरा अजून एकत्रच येतो, यापुढे घेणार नाही. कमिटीने विचार केला आणि दोष अक्कांना दिला. अक्का रोज सकाळी भंगार वेचायला येतात, दारातल्या पिशव्या उघडतात, म्हणून सगळं एकत्र होतं, असं निघालं. त्यांना गेटच्या आत घ्यायचं नाही, असा ठराव रविवारी होणार होता. शेजारच्या कॉलन्यांची गेटं त्यांना आधीच बंद झाली होती. आमचं शेवटचं.

ठरावाआधी पाहणी हवी होती. पप्पा कमिटीत आणि मी घरीच, म्हणून ती माझ्याकडे आली. मला अनोळखी दारांची बेल वाजवायला आवडत नाही, पण फॉर्म करता येतो. मी तो इंग्रजीत केला. पप्पांनी परत दिला. मराठीत करताना ‘विलगीकरण’ या शब्दाला अर्धा तास लागला.

एप्रिल होता. पहिल्या घरी निळ्या बादलीत कुरडयांचे गहू भिजत होते.

“एवढी चांगली बादली कचऱ्याला कोण लावतं गं?” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या घरी त्याच बादलीत कढीपत्ता लावला होता. तिसऱ्या घरी मोजे भिजत होते. कचरा सगळीकडे एका कॅरीबॅगमध्ये. फॉर्मवर प्रश्न होता, ‘बादली वापरात आहे का?’ सगळ्यांचं उत्तर हो होतं. मी समासात खरं काय ते लिहिलं.

परत येताना गेटजवळ अक्का बसल्या होत्या. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा दुसरीकडे, काच, पत्रा, बाटल्यांची झाकणंसुद्धा वेगळी. माझ्या फॉर्ममध्ये दोनच रकाने होते.

“बठ्ठं एकच पिशवीमा शे, ताई,” त्या म्हणाल्या. “मी नही उनू तर कोण निवडी?”

सगळं एकाच पिशवीत येतं, निवडतात त्या, हेही समासात लिहिलं.

मीटिंगमध्ये पप्पांनी वाचायला सांगितलं. मी कागदावरून नजर न काढता घर नंबर आणि बादलीत काय ते वाचत गेले.

“आमचं राहू दे,” मागून कोणीतरी म्हणालं.

मी आमचंही वाचलं. बिबड्यांच्या पापडांसाठी भिजवलेली ज्वारी. मम्मी पंख्याकडे बघत होती.

“म्हणजे कॉलनीत कचरा वेगळा करणारं माणूस एकच,” समोरच्या बंगल्यातले नाना म्हणाले, “आणि गेट तिलाच बंद. वा भाऊ, चांगली कमिटी शे!”

हसून झाल्यावर ठराव मागे घेतला. नानांनी अक्कांना बोलावून विचारलं, काय केलं तर काम सोपं होईल. अक्का उभ्याच राहिल्या. घंटागाडीच्या आधी येऊ द्या, ओलं तेवढं वेगळं द्या, बाकी माझं मी बघते, असं म्हणाल्या. सगळ्यांनी मान डोलावली. हे त्यांना आधी कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, माझ्या फॉर्मवर त्यांचं घरच नव्हतं.

सोमवारी साडेसहाला वॉचमनने गेट उघडलं. मी आमची पिशवी घेऊन दारात उभी होते. अक्कांनी ती उघडली. चहाचा चोथा वर्तमानपत्रावर पसरला होता.

“मीटिंगमा बोलनी, चांगलं केलं,” त्या म्हणाल्या. “आते ओलं येगळं ठेव.”

मी हो म्हटलं. त्या पुढच्या दारी गेल्या.