डब्याची खूण

भाऊ, मी मुंबईला निघालो तेव्हा मालवणच्या धक्क्यावर पडावात चढता चढता माझी एक चप्पल समुद्रात पडली आणि तू पोट धरून हसलास. बाबा मात्र गंभीर होते. "जमला नाय तर मिरगाआधी परत ये," म्हणाले. "मगे बोटी बंद." आईने मसाल्याचा डबा हातात दिला.

लालबागेत मसाला कुटायचा डंक बसवला, आईचा डबा शेजारच्या फळीवर ठेवला, पण गिऱ्हाईक येईना. इथे प्रत्येक घरचा मसाला वेगळा आणि प्रत्येकीला आपलाच थोर. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून बाया डंकासमोर ठाण मांडून बसत, आणि नव्या माणसावर त्यांचा भरवसा नव्हता. गिरणीत कामाला असलेल्या साताऱ्याकडच्या गिरिजामावशी पाच-सहा जणींना घेऊन पहिल्यांदा आल्या, तेव्हा मिरग अगदी तोंडावर आला होता.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. कुटून नुकतंच संपलं होतं, तोच रस्त्यावरून मोर्चा आला. मावशींना कसला धीर! साऱ्याजणींनी लुगड्याच्या काठाची एकेक चिंधी फाडून खूण म्हणून आपापल्या डब्याच्या कडीला बांधली. "डबं बदललं तर बघ हां!" असा दम भरून मावशी घोषणा देत निघाल्या.

थोड्या वेळात अश्रुधूर सुटला. माणसं डोळे चोळत धावत आली. मी दुकानाच्या दाराच्या फळ्या लावत होतो, त्या काढल्या आणि सगळ्यांना आत घेतलं. पिंपात पाणी होतं, फडकं नव्हतं. मला वाटलं, काय अक्कल सुचली! भराभर चिंध्या सोडल्या, भिजवल्या आणि लोकांच्या डोळ्यांवर ठेवल्या.

भाऊ, चिंध्या मिरचीने माखलेल्या होत्या. अश्रुधूर बरा म्हणायची पाळी आली. पहिली चिंधी मावशींच्याच डोळ्यांवर गेली होती. त्यांनी मला दिलेल्या शिव्या लिहिण्यासारख्या नाहीत. वर आता कुठला डबा कुणाचा, ते कुणालाच कळेना. मी सगळे डबे फळीवर ठेवले आणि खोलीवर जाऊन पेटी भरायला घेतली. खरं सांगतो, रडू आलं.

सकाळी डबे परत द्यायला पेटी घेऊनच दुकानात गेलो, तोच बाया आल्या. डोळे अजून लाल. मावशींनी माझी पेटी पाहिली.

"डोळं आमचं जळलं अन् पळतुयास तू?"

मग एकेक झाकण उघडून त्या वास घेत गेल्या. "ह्यो शेवंताचा, धनं जास्त हाईत. ह्यो माझा." शेवंताबाई जरा कुरकुरल्या, मग चिमूटभर चाटून डबा काखेला मारला. शेवटी फळीवर एकच डबा उरला.

मावशींनी तोही हुंगला. "ह्यो हितला न्हाई. तुझ्या आईचा ना?"

मी मान हलवली. त्यांनी आपल्या काठाची आणखी एक चिंधी फाडली आणि आईच्या डब्याला बांधली.

"ह्याला बी खूण पायजे. न्हाईतर आमच्यांत मिसळंल."

त्या वर्षीची शेवटची बोट मला न घेताच गेली.

पुढचं तुला ठाऊक आहे. डंकाचा कारखाना झाला, व्यापारी मंडळाने अध्यक्ष केलं. राज्य झालं त्या दिवशी मावशींनी मला हाताला धरून मिरवणुकीत नाचवलं. नंतर कुठे आग लागो की पाणी भरो, आमचं स्वयंसेवकांचं पथक पिंप आणि फडकी घेऊन हजर. पोरं अजून चिडवतात, "काका, फडकी धुतलेली आहेत ना?"

तू पत्रात विचारतोस, आता वय झालं, घरी कधी येतोस? येतो रे, वहिनीच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला दर वर्षी येतोच. पण आईचा डबा अजून डंकाजवळच्या फळीवर आहे. त्याची चिंधी किती वेळा विरली. मावशी होत्या तोवर त्या बांधायच्या. मागच्या महिन्यात पुन्हा गळून पडली, तर त्यांची नात मला न विचारताच आपल्या ओढणीचा काठ फाडून बांधून गेली.